केल्टिक चिन्हांचे अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वेटोळी एकमेकांत गुंतलेली, सुरुवात-शेवट न सापडणारी गाठ, गोल कडं घातलेला दगडी क्रूस. ही चिन्हं आता अंगठ्यांवर, टी-शर्टवर, टॅटूवाल्यांच्या वह्यांमध्ये सगळीकडे दिसतात आणि 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न लगेच येतो. उत्तर बहुतेक ठिकाणी एका शब्दात मिळतं: शक्ती, अनंत प्रेम, पुनर्जन्म. या पानावर प्रत्येक चिन्हाला आधी तीन गोष्टी विचारल्या आहेत. ते किती जुनं आहे, कुठलं आहे, आणि त्याचा अर्थ पहिल्यांदा कुणी सांगितला? ही विचारपूस केली की काही लाडके अर्थ हातातून निसटतात. पण त्यांच्या जागी ज्या कथा सापडतात त्या इतक्या सुंदर आहेत की तोटा झाला असं मला कधीच वाटलं नाही.

केल्टिक म्हणजे नेमके कोण? आणि उच्चार 'केल्टिक' की 'सेल्टिक'?

लोक, भाषा, पुराणकथा यांच्यासाठी 'केल्टिक'. ग्लासगोचा फुटबॉल क्लब आणि बोस्टनचा बास्केटबॉल संघ मात्र 'सेल्टिक'.

केल्टिक हे एका देशाचं किंवा एका धर्माचं नाव नाही, ते एका भाषाकुळाचं नाव आहे. आयरिश, स्कॉटिश गेलिक, आइल ऑफ मॅन बेटाची मांक्स, वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताची ब्रेतॉं या त्यातल्या आजच्या सहा भाषा. युरोपच्या मुख्य भूमीवर बोलली जाणारी गॉलिश कधीच लोपली. आपली मराठी आणि या भाषा दूरच्या चुलतबहिणी आहेत. वेल्शमध्ये दाताला 'दांत' म्हणतात, आयरिशमध्ये तीनला 'त्री' आणि गायीला 'बो'. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं मांडलं, तेव्हा केल्टिकही त्याच मुळातून आली असावी असं त्यांनी सुचवलं होतं. जोन्स यांचे वडील वेल्श होते.

चिन्हांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. 'केल्टिक' या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या काळांतला माल एकत्र आला आहे. पहिला अश्मयुगाचा. दुसरा लोहयुगाचा, म्हणजे ऑस्ट्रियातल्या हालस्टाट आणि स्वित्झर्लंडमधल्या ला तेन या ठिकाणांवरून ओळखल्या जाणाऱ्या कलेचा. तिसरा आयर्लंड-ब्रिटनमधल्या मध्ययुगीन ख्रिस्ती मठांचा. चौथा गेल्या अडीचशे वर्षांतल्या पुनरुज्जीवनाचा. पुढची बरीच उत्तरं या चार थरांपैकी चिन्ह कुठल्या थरातलं, यावरच ठरतात.

तीन वेटोळ्यांच्या चिन्हाचा अर्थ काय?

याला ट्रिस्केल म्हणतात आणि त्याचं सर्वांत प्रसिद्ध रूप आयर्लंडच्या मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या खोऱ्यातल्या न्यूग्रेंजमध्ये आहे. प्रवेशाच्या प्रचंड शिळेवर आणि आतल्या कक्षातही ते कोरलेलं आहे. न्यूग्रेंज हे सुमारे इ.स.पू. ३२०० मधलं दफनस्मारक आहे. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षा जवळजवळ सहाशे वर्षांनी जुनं, आणि केल्टिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ला तेन शैलीच्या सुमारे २७०० वर्षं आधीचं. ज्यांनी ती वेटोळी कोरली त्यांची भाषा, त्यांचे देव, त्यांची नावं, काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही. म्हणून 'जन्म-जीवन-मृत्यू' किंवा 'भूमी-सागर-आकाश' हे जे अर्थ सांगितले जातात ते आजच्या माणसांनी दिलेले आहेत.

पण त्या जागेला अर्थ नव्हता असं कोण म्हणेल? डिसेंबरच्या उत्तरार्धात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या आसपास, उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या एका खास झरोक्यातून आत शिरतो आणि १९ मीटर लांबीच्या बोळातून थेट आतल्या कक्षाच्या जमिनीवर पोहोचतो. सतरा मिनिटं उजेड राहतो, मग वर्षभर अंधार. उत्खनन करणारे मायकल ओ'केली २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे एकटे आत बसले होते. आधुनिक काळात हे दृश्य पाहिल्याची पहिली नोंद त्यांची. आता त्या पहाटेला आत जायला सोडत काढली जाते, कारण अर्ज हजारोंनी येतात आणि जागा मूठभर माणसांची आहे.

पुढे आयरिश कथाकारांनी हे स्मारक आपल्या देवांना राहायला दिलं. डाग्दा या थोरल्या देवाने टेकड्या वाटल्या तेव्हा त्याचा मुलगा एंगस वाटणीतून राहून गेला. त्याने एवढंच मागितलं: हे घर मला 'दिवस आणि रात्र' राहायला दे. डाग्दाने दिलं. मुदत संपल्यावर एंगस म्हणाला, सगळा काळ दिवस आणि रात्र यांचाच तर बनलेला आहे, म्हणजे घर कायमचं माझं. इंग्रजीत ही युक्ती समजावून सांगावी लागते, कारण तिथे 'एक' दिवस म्हणावंच लागतं. मराठी वाचकाला ती ऐकताक्षणी कळते.

ला तेन काळातल्या धातुकामातही तिहेरी वळणं भरपूर आहेत, तेव्हा ट्रिस्केलला केल्टिक म्हणणं चूक नाही. पण ते फक्त केल्टिक नाही. सिसिलीच्या झेंड्यावर तीन पाय आहेत, आइल ऑफ मॅनच्या झेंड्यावरही आहेत, आणि मॅनच्या ब्रीदवाक्याचा अर्थ आहे: कसंही फेका, उभंच राहील.

सगळीकडे तीनच का? हे आपल्या त्रिमूर्तीसारखं आहे का?

तीनची ओढ खरी आहे. साधारण इ.स. ९०० च्या सुमाराच्या एका आयरिश शब्दकोशात ब्रिजिट ही डाग्दाची मुलगी, कवींची देवी, असं सांगून पुढे म्हटलंय की तिच्या दोन बहिणींचंही नाव ब्रिजिटच, एक वैद्यांची आणि एक लोहारांची. गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये तीन मातांच्या शेजारी शेजारी बसलेल्या मूर्ती सापडतात, मांडीवर फळं, भाकरी किंवा तान्हं बाळ घेतलेल्या.

त्रिमूर्तीशी मात्र जुळवू नका. ब्रह्मा-विष्णु-महेश यांची कामं वेगळी आणि रूपंही वेगळी. इथे बहुधा एकच देवता तिप्पट होते, जणू जोर देण्यासाठी नाव तीनदा उच्चारलं. 'कुमारी, माता, वृद्धा' ही जोडणीही प्राचीन नाही, ती विसाव्या शतकात रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीने लोकप्रिय केली.

न संपणाऱ्या गाठींचे अर्थ काय? त्रिकोणी गाठ म्हणजे ट्रिनिटी का?

गाठींची ही कला तिसऱ्या थरातली आहे, ख्रिस्ती मठांतली. इ.स. ७०० च्या आसपासची डरो आणि लिंडिसफार्न इथली शुभवर्तमानं आणि ८०० च्या आसपासचं बुक ऑफ केल्स या हस्तलिखितांत ती शिखराला पोहोचली. पट्ट्या विणण्याचं तंत्र रोमन फरशांवर होतं, इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती कलेत होतं, जर्मानिक सोनारांकडे होतं. आयर्लंड-ब्रिटनच्या भिक्षूंनी ते उचललं आणि त्याला ला तेनच्या जुन्या वेलांट्या जोडल्या. त्याआधीच्या मूर्तिपूजक केल्टांच्या कलेत अशी विणलेली गाठ नाही.

ही गाठ काढतात कशी ते पाहिलं की आपली ठिपक्यांची रांगोळी आठवते. लिंडिसफार्नच्या सजवलेल्या पानांच्या मागच्या बाजूला कर्कटकाची टोचणी आणि आखलेल्या रेघा आजही दिसतात. आधी जाळी, मग तिच्यातून वर-खाली, वर-खाली जाणारी पट्टी. कुठे वाट तोडायची एवढंच चित्रकार ठरवतो.

त्रिकोणी गाठीला ट्रिक्वेट्रा म्हणतात. बुक ऑफ केल्समध्ये ती अलंकार म्हणून येते. स्वीडनमध्ये रून या जुन्या लिपीतले लेख कोरलेल्या शिळांवरही ती आहे. ख्रिस्ती त्र्येक परमेश्वराचा अर्थ तिला सहज चिकटला आणि मठात बसलेल्या भिक्षूच्या मनात तो असेलही, पण कुठल्याही मध्ययुगीन लेखकाने 'या गाठीचा अर्थ हा' असं लिहून ठेवलेलं नाही. 'दारा गाठ म्हणजे आंतरिक बळ', 'सेर्ख बिथोल म्हणजे चिरंतन प्रेम' अशा ज्या याद्या फिरतात त्यांतले शब्द खरे आयरिश-वेल्श आहेत, पण गाठींना ती नावं अलीकडे दिली गेली.

मला स्वतःला अर्थ नसलेली गाठच अधिक भावते. ऋतूमागून ऋतू एका चामड्याच्या पानावर वाकून, नखाएवढ्या जागेत एकही चूक न करता पट्टी विणत बसणं ही त्या माणसाची प्रार्थना होती, असं ते पान पाहताना वाटतं.

प्रेमाचं चिन्हच हवं असेल तर वेल्सचे प्रेमचमचे पाहा. तरुण आपल्या आवडत्या मुलीसाठी एकाच लाकडातून साखळीसकट चमचा कोरत असे. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात १६६७ सालचा एक आहे.

कडं घातलेला क्रूस: ते कडं म्हणजे सूर्य का?

'संत पॅट्रिकने मूर्तिपूजकांचा सूर्य आणि ख्रिस्ती क्रूस एकत्र केला' ही गोष्ट फार सांगितली जाते. तिला जुना आधार नाही. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म नेणारा पॅट्रिक पाचव्या शतकातला, आणि कड्याचे मोठे दगडी क्रूस आठव्या शतकापासूनचे, स्कॉटलंडच्या आयोना बेटावर आणि मग आयर्लंडभर. कड्याचं एक अगदी व्यावहारिक कारण सांगितलं जातं: आडव्या दगडी बाह्या जड असतात, त्यांना खालून आधार हवा.

हे क्रूस वाचायचे असतात. लाउथ परगण्यात मॉनस्टरबॉइसला मुइरेडॅखचा क्रूस आहे, साडेपाच मीटरांच्या घरात उंच. त्याच्या चारही बाजूंना चौकटी: आदाम-हव्वा, काइन आणि हाबेल, मध्यभागी अंतिम न्याय, एका बाजूला तरलेले आणि दुसऱ्या बाजूला सैतान ज्यांना हाकलतोय ते. अक्षर न येणाऱ्या माणसाला भिक्षू बोटाने एकेक चौकट दाखवत गोष्ट सांगू शके, चित्रकथी सांगतो तशी. पायाशी दोन मांजरं आहेत आणि त्यांच्या वर मुइरेडॅखसाठी प्रार्थना करा असा लेख.

जादूच्या कढईची कथा काय आहे?

अर्थ विचारणाऱ्यांना मी पहिल्यांदा कढईकडेच पाठवीन, कारण इथे अर्थ सांगावा लागत नाही, तो कथेत घडतो.

आयरिश कथांमध्ये देवांचं कुळ, तुआहा दे दानन, उत्तरेच्या चार नगरांतून चार वस्तू घेऊन येतं: खरा राजा पाय ठेवेल तेव्हा ओरडणारा फालचा दगड, लूचा भाला, नुआदाची तलवार आणि डाग्दाची कढई. त्या कढईपासून कुणीही अतृप्त उठत नसे. द्रौपदीची थाळी डोळ्यांसमोर आली तर नवल नाही. ही कढई म्हणजे यजमानाचा धर्म. आयरिश परंपरेत राजा कंजूष निघाला की त्याचं राज्य गेलंच समजा.

वेल्समधली कढई वेगळी आहे आणि भयंकर आहे. माबिनोगी या कथाचक्राच्या दुसऱ्या शाखेत ब्रिटनचा राजा ब्रान आपल्या बहिणीचं, ब्रानवेनचं, लग्न आयर्लंडच्या राजाशी लावतो. आपल्याला विचारलं नाही म्हणून तिचा सावत्र भाऊ एव्हनिस्येन पाहुण्यांच्या घोड्यांचे ओठ, कान, पापण्या कापून टाकतो. भरपाई म्हणून ब्रान जी भेट देतो ती ही कढई: मेलेला योद्धा आत टाका, दुसऱ्या दिवशी जिवंत होऊन लढेल. फक्त त्याची वाचा गेलेली असेल. पुढे सासरी ब्रानवेनचा छळ होतो, युद्ध पेटतं आणि भरपाईत दिलेली कढईच उलटते. आयरिश लोक आपले मृत तिच्यात टाकतात आणि रोज सकाळी मुक्या योद्ध्यांची फौज पुन्हा उभी राहते. हे सगळं आपल्यामुळे झालं हे उमजून एव्हनिस्येन शत्रूच्या प्रेतांमध्ये प्रेत होऊन पडतो. त्याला कढईत टाकलं जातं. आत तो हातपाय ताणतो, कढईचे चार तुकडे होतात आणि त्याचं काळीजही फुटतं. ब्रिटनचे सात जण परततात. ब्रानवेन किनाऱ्यावर उतरते, दोन्ही बेटांकडे पाहते आणि माझ्यापायी दोन चांगली बेटं उजाड झाली म्हणत प्राण सोडते.

'कढई = पुनर्जन्म' असं एका ओळीत लिहिलं की ते मुके योद्धे गायब होतात. ज्याने ही कथा रचली त्याला परत आलेल्या माणसाचं काहीतरी कायमचं गेलेलं असतं, हे ठाऊक होतं.

गुंडेस्ट्रुपच्या कढईवर पशुपती आहे, हे खरं का?

डेन्मार्कमध्ये गुंडेस्ट्रुपजवळच्या पाणथळीत १८९१ मध्ये चांदीची एक कढई सुट्या पत्र्यांच्या रूपात सापडली. वजन सुमारे नऊ किलो, व्यास ६९ सेंटिमीटर. ती कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आतल्या एका पत्र्यावर हरणाची शिंगं असलेली व्यक्ती पाय दुमडून बसली आहे, एका हातात टोर्क म्हणजे गळ्यातलं कडं, दुसऱ्या हातात मेंढ्याच्या शिंगांचा साप, आणि भोवती प्राणी. मोहेंजोदडोची 'पशुपती' म्हणून ओळखली जाणारी मुद्रा आठवतेच. दुसऱ्या पत्र्यावर एका स्त्रीच्या दोन बाजूंना हत्तीही आहेत, त्यामुळे गजलक्ष्मीचंही नाव काही अभ्यासकांनी घेतलं.

साम्य डोळ्यांना खरंच दिसतं. पण दोन वस्तूंमध्ये सुमारे दोन हजार वर्षांचं अंतर आहे, मुद्रेवरची शिंगं म्हशीची आहेत आणि इथली हरणाची. कढईचं चांदीकाम आग्नेय युरोपातल्या थ्रेस भागातल्या कारागिरांच्या पद्धतीचं आहे आणि तिकडच्या लोकांना ग्रीक जगामुळे हत्तीची चित्रं परिचित असू शकतात. तेव्हा 'केल्टांनी शिवाची पूजा केली' असं यावरून म्हणता येत नाही.

शिंगवाल्या देवाला केर्नुनोस म्हणतात, तो शब्द पॅरिसच्या एका खांबावरून आला. नोत्र-दामच्या खाली १७१० मध्ये सापडलेला हा खांब रोमन सम्राट टायबेरियसच्या काळात सेन नदीच्या नावाड्यांनी उभारला होता. शिंगांत कडी अडकवलेल्या एका देवाच्या डोक्यावर ते नाव कोरलंय. त्याची एकही कथा उरलेली नाही.

आयर्लंडचं चिन्ह तिपानी शॅमरॉक ना? मग नाण्यांवर हार्प कसं?

राष्ट्रचिन्ह हार्प हे तारांचं वाद्यच आहे, नाण्यांवर आणि पासपोर्टवरही तेच. त्याचा नमुना डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेलं मध्ययुगीन हार्प. गिनेस बिअरवाल्यांनी त्यावर बेतलेलं चित्र १८७६ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं होतं, म्हणून सरकारी हार्पचं तोंड विरुद्ध दिशेला आहे.

कथेतलं हार्प डाग्दाचं. माग तुइरेदच्या दुसऱ्या लढाईनंतर पळणारे फोमोरी, म्हणजे देवांचे शत्रू, त्याचा वादक घेऊन गेले. डाग्दा, लू आणि ओग्मा मागावर निघाले आणि शत्रूच्या मेजवानीच्या दालनात भिंतीवर हार्प टांगलेलं दिसलं. डाग्दाने त्यातले सूर आधीच बांधून ठेवले होते; तो हाक मारेपर्यंत ते वाजणार नव्हतं. त्याने हाक मारली. हार्प भिंतीवरून उडालं, वाटेत नऊ जणांना मारून त्याच्या हातात आलं. त्याने तीन सुरावटी वाजवल्या. पहिलीने बायका रडल्या. दुसरीने बायका-मुलं हसली. तिसरीने अख्खी फौज झोपी गेली आणि तिघे सुखरूप बाहेर पडले. रडवणारी गोल्त्री, हसवणारी ग्यान्त्री आणि निजवणारी सुअंत्री: खरा वादक तो ज्याला तिन्ही येतात. आयरिश भाषेत अंगाईला आजही सुअंत्रीच म्हणतात.

शॅमरॉकबद्दल थोडक्यात. पॅट्रिकने तिपानी पान दाखवून त्र्येक परमेश्वर समजावला, ही गोष्ट छापील स्वरूपात १७२६ मध्ये येते, म्हणजे त्याच्यानंतर बाराशेहून अधिक वर्षांनी. पॅट्रिकच्या स्वतःच्या लेखनात तिचा मागमूस नाही. चार पानांचं ते शॅमरॉक नव्हे. ते वेगळं, नशीबाचं पान.

कावळा अपशकुनी मानतात का?

रणभूमीवरचा डोमकावळा ही मॉरिगन आणि बाव या युद्धदेवतांची खूण. ती मरण आणत नाही, ते कुणाला येणार हे तिला आधी कळतं. कू खुलिन हा अल्स्टरचा वीर शेवटच्या जखमेनंतर स्वतःला एका उभ्या शिळेला बांधून घेतो, मरण उभ्यानेच यावं म्हणून. शत्रू जवळ यायला धजत नाहीत. पक्षी येऊन त्याच्या खांद्यावर बसतो तेव्हा कुठे त्यांना खात्री पटते. ऑलिव्हर शेपर्ड यांचं या क्षणाचं कांस्यशिल्प डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचं स्मारक म्हणून आहे. पिंडाला शिवणारा आपला कावळा पितरांचा; हा वेगळ्या घरचा.

सॅमन मासा ज्ञानाचं चिन्ह कसा झाला?

विहिरीभोवती हेझलची नऊ झाडं. त्यांचं फळ पाण्यात पडतं, सॅमन ते खातो, आणि जगातलं सगळं ज्ञान माशात उतरतं. फिनेगस नावाचा कवी बॉइनकाठी सात वर्षं त्याची वाट पाहतो. मासा गळाला लागतो. तो शिजवायला शिष्याकडे देतो आणि बजावतो, चव घ्यायची नाही. माशावर आलेला फोड दाबताना पोराचा अंगठा भाजतो आणि तो तोंडात जातो. फिनेगस त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ओळखतो आणि उरलेला मासा त्यालाच देतो. तो मुलगा म्हणजे फिन मकूल, आयरिश कथांतला मोठा वीर. पुढे अडचण आली की तो अंगठा तोंडात घालत असे.

या कथेतलं माझं माणूस फिनेगस आहे. सात वर्षं थांबून, घास तोंडाशी आलेला असताना, तो रागावत नाही.

जीवनवृक्ष आणि 'केल्टिक वृक्ष-राशी' किती जुन्या?

झाडांची श्रद्धा जुनी आहे. आयर्लंडच्या कथांत पाच पवित्र वृक्षांची नावं येतात आणि राजांचा अभिषेक अशा झाडांजवळ होई. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की गॉलचे ड्रुइड, म्हणजे केल्टांचे पुरोहित, ओकवर उगवलेलं मिसलटो हे बांडगूळ चंद्राच्या सहाव्या दिवशी सोन्याच्या कोयत्याने कापत. वर्तुळात मुळं-फांद्या एकत्र गुंफलेलं चित्र मात्र आधुनिक आहे. वृक्ष-राशी तर ग्रेव्हज यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या वृक्ष-दिनदर्शिकेतून निघाल्या. जन्मतारखेवरून कुणी तुम्हाला 'रोवान' ठरवलं तर त्यात प्राचीन काही नाही.

तीन किरणांचं 'आवेन' चिन्हही असंच. आवेन हा काव्यस्फूर्तीसाठीचा जुना वेल्श शब्द आहे. चिन्ह दिलं योलो मॉर्गानुग या अठराव्या शतकातल्या गवंडी-कवीने, ज्याने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर कवींची सभा भरवली. त्याची बरीच 'प्राचीन' कागदपत्रं त्यानेच रचलेली होती. तरीही वेल्श भाषेच्या राष्ट्रीय महोत्सवात ते चिन्ह आज मानाने मिरवतं, आणि दोन शतकांचं प्रेम हाही एक आधारच.

ब्रिजिडचा क्रूस स्वस्तिकासारखा दिसतो. संबंध आहे का?

लव्हाळ्याच्या काड्या मध्ये चौकोन धरून विणल्या की चारी बाह्या एका दिशेने सरकतात, त्यामुळे तसा भास होतो. १ फेब्रुवारीला, वसंताच्या पहिल्या दिवशी, तो विणून दारावर लावतात, आगीपासून घर राखायला. आयर्लंडमध्ये २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टी आहे, तिथल्या मराठी घरांनाही ती ओळखीची झाली असेल. देवी ब्रिजिट आणि किल्डेअरची संत ब्रिजिड यांत कुठे रेघ मारायची हा वाद जुना आहे. दारावरचा क्रूस दोघींचाही मान ठेवतो.

स्वस्तिक स्वतंत्रपणे केल्टिक कलेत आहेच. थेम्स नदीत १८५७ मध्ये सापडलेल्या बॅटरसी ढालीच्या लाल काचेच्या टिकल्यांवर ते दिसतं. त्याचा तिथला अर्थ कुणी लिहिलेला नाही.

क्लॅडा अंगठी कशी घालतात?

दोन हात म्हणजे मैत्री, हृदय म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. इथे अर्थ पक्का आहे, कारण चिन्ह नवं आहे: गॉलवे शहराजवळच्या क्लॅडा या कोळीवाड्याचं, साधारण १७०० पासूनचं. उजव्या हातात हृदयाचं टोक बोटांकडे असेल तर मन मोकळं, मनगटाकडे असेल तर गुंतलेलं. डाव्या हातात टोक बोटांकडे असेल तर साखरपुडा, मनगटाकडे असेल तर लग्न.

टॅटू काढायचाय. काय टाळू?

गोलातला, समान आखूड बाह्यांचा क्रूस एकटा काढू नका. युरोप-अमेरिकेत वर्णवर्चस्ववादी टोळ्यांनी ते रूप आपलं केलंय. स्वस्तिकाचं काय झालं हे आपण जाणतो, तेव्हा ही सावधगिरी पटायला जड जाऊ नये. मॉनस्टरबॉइससारखा लांब दांड्याचा, विणकाम असलेला क्रूस वेगळा ओळखू येतो. बाकी चिन्ह आवडलं तर घ्या, पण आधी त्याची कथा पूर्ण वाचा.

माझं नाव ओघम लिपीत लिहिता येईल का?

येईल, आणि ते अगदी रीतीला धरून होईल. ओघम म्हणजे दगडाच्या धारेवर मारलेल्या रेघांची लिपी, वीस अक्षरांची. सुमारे चारशे शिळा उरल्या आहेत, बहुतेक आयर्लंडच्या दक्षिणेला, चौथ्या ते सातव्या शतकांतल्या. त्या खालून वर वाचतात. त्यांवर मंत्र नाहीत, माणसांची नावं आहेत: अमुकचा, 'मकी' तमुकचा. मकी म्हणजे मुलाचा. आजच्या आडनावांतला 'मॅक' तोच. स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावण्याची मराठी पद्धत त्या साच्यात जशीच्या तशी बसते: सुनील मकी दत्तात्रय.

प्राजक्ता, पूजा, प्रसाद यांची मात्र पंचाईत. जुन्या वीस अक्षरांत 'प' नाही. केल्टिक भाषांनी तो ध्वनी फार पूर्वी गमावला होता, इतका की आपल्या 'पितृ' शब्दाचा जुन्या आयरिशमधला भाऊ आहे 'अथिर'. 'प' साठी खूण पुढे हस्तलिखितांच्या काळात जोडली गेली. ती वापरायची की नाही, हे प्राजक्ताने ठरवावं.